नवतपात किडे जातात कुठे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी तुरीची पोती सोडायची. अंगणात ताडपत्री अंथरायची, तिच्यावर तूर पसरायची आणि राखणीला मला बसवायची. "ऊन दाखव तिले, भुंगे आपोआप पळते," एवढंच तिचं शास्त्र. आणि खरंच पळायचे. ऊन चढलं की दाण्यांमधून बारके तपकिरी भुंगे बाहेर यायचे आणि जो तो काठाकडे धावायचा. जे काठापर्यंत पोचले ते ताडपत्रीखाली शिरून वाचले. जे मध्येच राहिले ते संध्याकाळी आजी सूप घेऊन बसली की कोंड्यासारखे उडायचे.

त्याच अंगणात, त्याच उन्हात काळे मुंगळे मात्र आपल्या वाटेनं ये-जा करत असायचे. बाराच्या सुमारास तेही दिसेनासे व्हायचे आणि उन्हं कलली की पुन्हा हजर. एकाच उन्हानं भुंगा मरतो आणि मुंगळा जगतो, हे कसं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आमच्याकडे मे महिना म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा, नागपूर या पट्ट्यात पारा ४५-४६ ला टेकतो. मे सरता सरता येणारे नवतपाचे नऊ दिवस तर रस्ते ओस पडतात. माणसं कूलरसमोर, ढोरं निंबाखाली. किड्याजवळ ना दुपट्टा, ना घाम. त्याच्या अंगात स्वतःची उष्णता सांभाळणारी आपल्यासारखी यंत्रणा नाही. भोवतालचं तापमान तेच बहुतेक वेळा त्याचं तापमान. मग तो ४६ अंशांत जगतो कसा?

याचं पहिलं आणि सर्वांत मोठं उत्तर असं की तो ४६ अंशांत राहतच नाही.

पेपरात छापून येणारा आकडा मोजला जातो तो पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत. ही पेटी जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच असते आणि आतला थर्मामीटर सावलीत असतो. तो आकडा माणसाच्या उंचीचा आहे. त्या उंचीवर, त्या सावलीत मुंगी राहत नाही, नाकतोडा राहत नाही, भुंगाही राहत नाही. भर दुपारी उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. त्याच मातीत वीत-दीड वीत खाली गेलं की दिवस आणि रात्र यांतला फरक जवळजवळ पुसला जातो. एकाच वावरात, एकाच मिनिटाला, हातभर अंतरात दोन वेगळी हवामानं असतात. आपण एवढे मोठे आहोत की आपल्याला त्यातलं एकच कळतं. किडा एवढा लहान आहे की त्याला त्यांतलं हवं ते निवडता येतं.

लहान असण्याची किंमत

पण लहान असण्याची किंमतही मोजावी लागते. वरणाचं भरलेलं गंज चुलीवरून उतरवलं तर तासभर गरम राहतं. त्यातलाच एक थेंब तळहातावर घेतला तर क्षणात निवतो. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या आकारमानाच्या मानानं तिचा बाहेरचा पृष्ठभाग जास्त, आणि उष्णतेची देवाणघेवाण होते ती पृष्ठभागावरूनच. म्हणून मुंगी तापलेल्या मातीवर आली की काही सेकंदांतच तिचं अंग तापायला लागतं. सावलीत शिरली की तितक्याच झपाट्यानं ती निवतेही.

पाण्याचंही तसंच. आपण घाम गाळून थंड होतो, कारण आपल्या अंगात घालवायला कितीतरी लिटर पाणी आहे. मुंगीच्या अख्ख्या अंगात एखादा थेंब. तो घामावर उधळला तर ती सुकून मरेल. म्हणून किड्याची पहिली धडपड थंड होण्याची नसते, ओलं राहण्याची असते. त्यासाठी त्याच्या कडक कवचावर मेणाचा एक अतिशय पातळ थर असतो. हा थर आतलं पाणी आत धरून ठेवतो. श्वास घ्यायला अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात, त्यांना झडपा असतात, आणि पुष्कळ किडे त्या गरजेपुरत्याच उघडतात. छिद्र उघडलं की हवा आत येते, पण वाफ बाहेर जाते.

आता आजीच्या ताडपत्रीकडे परत येऊ. तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की हा मेणाचा थर मऊ पडतो, त्याची घट्ट बांधणी सुटते आणि अंगातलं पाणी झपाट्यानं उडून जायला लागतं. धान्यातल्या बहुतेक किड्यांची वाढ आणि वीण ३५ अंशांच्या थोडं पुढे थांबते. ५० च्या वर गेले तर ते काही तासांत, आणखी वर गेले तर काही मिनिटांत मरतात. मे महिन्यातल्या दुपारी ताडपत्रीवर पसरलेली तूर एवढी सहज तापते.

आजीचा दुसरा उपाय राखेचा होता. वाळवलेल्या मुगाला, बरबटीला ती चुलीची चाळलेली राख चोळून मडक्यात भरायची. लहानपणी मला वाटायचं, राखेचा वास किड्यांना आवडत नसेल. खरं कारण वेगळं निघालं. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचं मेण खरवडतात आणि शोषून घेतात. मेण गेलं की किडा कोरड्या धान्यात हळूहळू सुकून मरतो. म्हणजे ऊन आणि राख हे दोन निराळे उपाय नव्हतेच. दोन्हींचा घाव त्या एकाच मेणाच्या थरावर पडत होता. हे मला कळलं तेव्हा आजी नव्हती. तिला सांगायला फार आवडलं असतं.

घडी मोडलेली लुगडी

पाणी टिकलं तरी दुसरं संकट असतं ते आत, पेशींमध्ये. शरीराची सगळी कामं प्रथिनं करतात आणि प्रत्येक प्रथिनाची एक ठरलेली घडी असते. घडी मोडली की काम बंद. अंडं उकडल्यावर आतला पातळ बलक घट्ट होतो तो या घड्या मोडून एकमेकांत अडकल्यामुळेच. किड्याच्या पेशीत एवढं टोकाचं होत नाही, पण ४० च्या पुढे घड्या विस्कटायला सुरुवात होते.

यावरचा तोड सापडला तो एका अपघातानं. १९६२ च्या सुमारास इटलीतले फेरुच्चियो रितोसा फळमाश्यांच्या गुणसूत्रांवर काम करत होते. प्रयोगशाळेत कोणीतरी माश्या ठेवलेल्या पेटीचं तापमान वाढवून ठेवलं. रितोसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगवटे. गरमी लागताच काही जनुकं खडबडून जागी झाली होती. त्यांच्या या निरीक्षणाला सुरुवातीला फारसं कोणी मोल दिलं नाही. पुढे कळलं की ती जनुकं एका खास जातीची प्रथिनं बनवतात. त्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात. घडी मोडलेल्या लुगड्याची पुन्हा नीट घडी घालून ठेवणारी बाई जशी, तसं त्यांचं काम: विस्कटलेल्या प्रथिनाला धरायचं, दुसऱ्यात गुंतू द्यायचं नाही, पुन्हा घडीवर आणायचं. ही व्यवस्था फक्त माशीत नाही. जिवाणूंपासून तुमच्या-माझ्यापर्यंत सगळ्यांत आहे.

तिचा सर्वांत धाडसी वापर सहाराच्या वाळवंटातली चंदेरी मुंगी करते. तिचं अंग ५३.६ अंशांपर्यंत तापलं तरी ती चालू शकते. वाळू याहून कितीतरी तापलेली असते. ती बिळाबाहेर पडते ती ऐन दुपारीच, कारण तिला खाणारे सरडे तेव्हा उन्हाला भिऊन आत गेलेले असतात. बाहेर उन्हानं मेलेले किडे तिला आयते मिळतात. या सगळ्याला तिच्याकडे दिवसाला काही मिनिटांचाच वेळ. एवढ्या वेळात हीट शॉक प्रोटीन तयार होण्याची वाट पाहत बसली तर ती मेलीच समजा, म्हणून ती बाहेर पडण्याआधीच ती प्रथिनं तयार करून ठेवते. तिच्या अंगावरचे केस कापून पाहिले तर त्यांचा छेद त्रिकोणी दिसतो. हे केस ऊन परतवतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायलाही मदत करतात, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. शिवाय पाय लांब. जमिनीपासून काही मिलिमीटर वरची हवादेखील वाळूपेक्षा बरीच थंड असते, आणि ही मुंगी त्या मिलिमीटरांवर जगते.

आपल्या गुराख्यांनी पाहिलेला शेणकिडाही असाच मिलिमीटरांचा हिशेब जाणतो. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेत शेणाचे गोळे ढकलणारे किडे पाहिले. माती फार तापली की किडा ढकलता ढकलता मध्येच गोळ्यावर चढून बसायचा. शेणातल्या ओलाव्यामुळे गोळा थंड असतो; त्यावर बसून तो पाय निववत होता. खात्री करायला शास्त्रज्ञांनी काही किड्यांच्या पायांत सिलिकॉनचे बारके बूट चढवले. बूटवाले किडे गोळ्यावर कमी वेळा चढले. किड्याला पायताण घालून देणाऱ्या त्या माणसांचं मला कौतुक वाटतं.

वारुळाची फुप्फुसं

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. मनगट आत जाईल एवढ्या. शेतकऱ्याला त्या बघून पावसाची आठवण येते. रातकिडे, झुरळं, गोमी आणि किती तरी भुंग्यांना ती तयार घरं मिळतात. दुपारी अशा भेगेत हात घालून बघा, वरच्या आणि खालच्या मातीतला फरक बोटांना लगेच कळतो.

पण घर बांधण्यात सर्वांच्या पुढे कोण असेल तर वाळवी, आमच्याकडची उधई. उधईची कातडी इतकी नाजूक की उघड्या उन्हात ती फार वेळ टिकत नाही. म्हणून ती उन्हात येतच नाही. झाडावर चढायचं असो की घराच्या चौकटीवर, ती आधी मातीचा झाकलेला बोगदा बांधते आणि त्यातून जाते. आपण तो बोगदा खरवडून काढतो, ती रात्रीतून पुन्हा बांधते.

आपल्या भागात उंच, कंगोरे असलेलं वारूळ दिसतं ते बहुधा ओडोन्टोटर्मिस या गटातल्या उधईचं. आत ती शेती करते. चावलेल्या पाल्या-लाकडाच्या भुशावर बुरशी वाढवते आणि ती खाते. पहिल्या पावसांनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलात वारुळांवर ज्या सात्या उगवतात, त्या याच बुरशीची छत्री. लाखो जिवांचा आणि बुरशीचा श्वास मिळून आत कार्बन डायऑक्साइड साठतो. तो बाहेर गेला पाहिजे, पण खिडक्या उघडल्या तर गरम, कोरडी हवा आत येईल.

फार दिवस असं मानलं जाई की आतल्या बुरशीच्या आणि उधईच्या उष्णतेनं हवा वर चढते आणि वारूळ चुलीच्या धुराड्यासारखं काम करतं. मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ साली मांडलेल्या चित्राचा तो गाभा होता. २०१५ साली बंगळुरूजवळच्या वारुळांमध्ये बारीक सुया घालून हवेचा वेग प्रत्यक्ष मोजला गेला आणि निराळीच गोष्ट समोर आली. हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन यांचं हे काम. वारूळ होतं आपल्याच ओडोन्टोटर्मिस ओबेससचं. दिवसा वारुळाचे बाहेरचे पातळ कंगोरे लवकर तापतात, मधला जाड गाभा उशिरा. म्हणून कंगोऱ्यांतली हवा वर चढते आणि मधली खाली येते. रात्री कंगोरे लवकर निवतात, गाभा गरम राहतो, आणि वारा उलटा फिरतो. दिवसातून एकदा श्वास आत, एकदा बाहेर. वायू बाहेर जातात ते मातीच्या सच्छिद्र भिंतींतून.

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. जे ऊन उधईला मारू शकतं, त्याच उन्हाला तिनं पंखा फिरवायला लावलं आहे. आपण नागपंचमीला वारुळाला दूध-लाह्या वाहतो. त्यातल्या उधईकडे मात्र कोणी बघत नाही.

मोहोळाचा कूलर

विदर्भातल्या माणसाला कूलर कसा चालतो हे सांगावं लागत नाही. वाळ्याची नाहीतर लाकडाच्या भुश्याची ताटी, तिच्यावर पाणी, मागून पंखा. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते. मधमाश्या हेच करतात, आणि आपल्या कितीतरी आधीपासून करत आहेत.

मधमाशीच्या पोळ्यात पिल्लं वाढतात तो भाग ३५ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. थोडंसं वरखाली झालं तरी पिल्लं बिघडतात. तापमान चढायला लागलं की आधी काही माश्या पोळ्याबाहेर जाऊन गर्दी कमी करतात. मग दाराशी आणि आत रांगेनं उभ्या राहून पंख फडफडवतात. तेवढ्यानं भागलं नाही तर पाणी. पाणी आणणाऱ्या माश्या बोअरच्या गळत्या नळावर, ढोरांच्या हौदाच्या ओल्या काठावर येतात, पोटात पाणी भरून नेतात. आतल्या माश्या ते घेऊन पोळ्याच्या भिंतींवर थेंब-थेंब पसरतात, काही जणी जिभेवर पातळ पडदा करून ते पुन्हा पुन्हा आत-बाहेर करतात. वरून पंखांचा वारा. झाला कूलर.

तो किती चांगला चालतो हे पाहायला मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात दक्षिण इटलीत लाव्हाच्या काळ्या खडकांवर, भर उन्हात मधमाश्यांची पेटी ठेवली. बाहेर ७० अंशांपर्यंत तापलं. जवळ पाणी होतं तोवर आतलं तापमान ३५ च्या वर गेलं नाही. मी उन्हाळ्यात हौदाशी मधमाश्या पाहिल्या की त्यांना हाकलत नाही. त्या प्यायला आलेल्या नसतात, घरासाठी पाणी भरायला आलेल्या असतात.

आपलं आग्या मोहोळ तर पेटीत नाहीच, उघड्यावर. वडाच्या, काटेसावरीच्या उंच फांदीला किंवा गावच्या पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं पोळं, त्यावर माश्यांचे थर पडद्यासारखे. हा पडदाच त्यांची भिंत. गार वेळी तो दाट होतो, उकाड्यात सैल होऊन वारा आत घेतो. आग्याच्या माश्या कधी कधी एकदम थव्यानं उडतात आणि हवेतच विष्ठा टाकून परत येतात; खाली पानांवर, कपड्यांवर पिवळे ठिपके पडतात. मलेशियातल्या अभ्यासकांनी असं सुचवलं की यातून त्या अंगातली उष्णताही टाकून देतात. याच ठिपक्यांनी एकदा जगात मोठा गोंधळ घातला होता. १९८१ साली अमेरिकेनं आरोप केला की लाओस-कंबोडियात सोव्हिएत संघाच्या मदतीनं रासायनिक विष फवारलं जातं आहे. 'पिवळा पाऊस' असं त्याला नाव पडलं. मॅथ्यू मेसेल्सन आणि थॉमस सीली यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी नमुने पाहिले तर ठिपक्यांत परागकण होते. ती आग्या माश्यांची विष्ठा होती.

मधमाश्या उष्णतेचा हत्यारासारखाही वापर करतात. जपानमधल्या सातेरी जातीच्या माश्या पोळ्यावर आलेल्या मोठ्या गांधीलमाशीला शेकडोंनी वेढून तिचा गोळा करतात आणि स्नायू थरथरवून आत ४६-४७ अंश तापमान करतात. गांधीलमाशीला ते सोसत नाही. मधमाशी त्याच्या दोनेक अंश पुढेपर्यंत तग धरते. तेवढ्या दोन अंशांवर त्या शत्रूला शिजवून मारतात.

कूलरवरून एक कामाची गोष्ट. डेंग्यू पसरवणारी एडीस डासीण कूलरच्या टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या कडेशी अंडी चिकटवते. दिवाळीपूर्वी कूलर कोरडा करून गच्चीवर टाकला तरी ती अंडी महिनोन्महिने सुकी राहून जिवंत असतात. पुढच्या वर्षी पाणी पडलं की फुटतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, आतून ब्रशनं घासावी लागते. डासांना गरमीचं आणखी एक संकट आहे: आपलं रक्त. माणसाचं रक्त ३७ अंशांचं, आणि डासाचं अंग त्याहून गार. पोटभर रक्त पिताना तो मिनिटाभरात तापतो. मलेरियाचा ॲनाफिलिस स्टिफेन्साय पिता पितानाच मागच्या टोकाला रक्तमिश्रित पाण्याचा थेंब धरून ठेवतो आणि त्याच्या वाफेनं निवतो. एडीस तसं करत नाही; तो हीट शॉक प्रोटीन वाढवून निभावतो.

झोपून काढलेला उन्हाळा

काही किडे ऊन टाळतही नाहीत, सोसतही नाहीत. ते उन्हाळा झोपून काढतात.

गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरच्या जंगलात ऐनाच्या झाडावर कोसा वाढतो, म्हणजे टसर रेशमाचा किडा. त्याचा कोष अंड्याएवढा, टणक, आणि फांदीला देठानं टांगलेला. पाला गळाला तरी कोष लटकत राहतो. हिवाळ्याच्या तोंडाशी अळी त्यात शिरते, कोषातला जीव शरीराचे व्यवहार अगदी मंद करतो आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत तसाच राहतो. शास्त्राच्या भाषेत ही सुप्तावस्था. पण कोषाच्या आतही हद्द असते. बियाण्यासाठी राखून ठेवलेले कोष मे महिन्यात फार तापले तर आतले जीव मरतात, किंवा पतंग वेळेआधीच निघतात आणि नर-मादीचा मेळ बसत नाही. म्हणून कोसा पाळणारे त्या दिवसांत कोषांची खोली गार राखायला धडपडतात.

हीच झोप कापसाच्या वावरात आपल्या जिवावर उठते. गुलाबी बोंडअळी हंगाम संपताना दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मध्ये झोपते, नाहीतर वाळक्या बोंडात, पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या ढिगात, मातीच्या ढेकळांत. २०१७ साली विदर्भातल्या शेतकऱ्यांनी तिनं केलेलं नुकसान भोगलं आहे. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पुढे राखलेली कपाशी, घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग बांधावर ठेवू नका, मे संपायच्या आत कापूस टोबू नका, हे जे वारंवार सांगितलं जातं त्याच्या मुळाशी ही झोप आहे. फरदड म्हणजे तिला मिळालेलं वाढीव जेवण, आणि पऱ्हाटीचा ढीग म्हणजे तिचं सावलीतलं अंथरूण. उन्हाळी नांगरटीनं काय होतं? मातीत झोपलेले कोष आणि अळ्या वर येतात. खाली गारव्यात जे आरामात जून गाठणार होते ते एकदम साठ अंशांच्या पृष्ठभागावर पडतात, आणि राहिलेले बगळे-साळुंक्या टिपतात. अळी तीच असते, ऊनही तेच असतं; नांगरानं फक्त तिची जागा वीतभर वर आणलेली असते.

पाण्यातल्या किड्यांना जागा बदलणं सोपं नसतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ ला सुमारे ७. नेमकं तेव्हाच अंग तापल्यानं प्राणवायूची गरज वाढलेली. आमच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव एप्रिल-मेमध्ये आटायला लागले की पाणभुंगे आणि पाणढेकूण पंखाखाली हवेचा बुडबुडा घेऊन डुबक्या मारतात, आणि अगदीच चिखल उरला की रात्री उडून दुसरं पाणी शोधतात. उडता न येणाऱ्या अळीनं काय करावं? नायजेरियातल्या खडकांच्या खळग्यांत राहणाऱ्या एका चिलटाच्या अळीनं टोकाचा मार्ग काढला आहे. खळगा आटला की ती स्वतःही वाळते. अंगात जेमतेम तीन टक्के पाणी उरतं. जागा भरून काढते ती ट्रेहॅलोज नावाची साखर, पाकात मुरवलेल्या आवळ्यासारखी सगळ्या नाजूक रचना धरून ठेवते. अशा वाळक्या अळ्या १७ वर्षांनी पाण्यात टाकल्यावर जाग्या झाल्या आहेत. हाउअर्ड हिंटन यांनी १९६० साली त्या १०२ अंशांत मिनिटभर ठेवल्या. नंतरही त्या हलल्या.

रात्री निवल्या नाहीत तर

एवढी सगळी हुशारी असूनही मला काळजी वाटते, आणि ती भर दुपारची नाही. दुपार टाळायची कशी हे किड्यांना येतं. प्रश्न रात्रीचा आहे. घड्या मोडलेली प्रथिनं नीट करायला, गेलेलं पाणी भरून काढायला गार रात्र लागते. रात्रीसुद्धा हवा निवली नाही तर दिवसभराचं देणं दुसऱ्या दिवसावर चढतं.

दुसरं, मरण्याच्या कितीतरी आधी वीण थांबते. पिठातल्या लाल भुंग्यांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. पाच दिवसांची उष्णतेची लाट दिल्यावर नर जिवंत राहिले, पण त्यांची पिल्लं जवळपास निम्म्यावर आली. दुसरी लाट दिली तर ते जवळजवळ नापीकच झाले. म्हणजे वावरात फिरणारा किडा दिसतो म्हणून तो सुखरूप आहे असं नाही.

तिसरी गोष्ट ऐकून आपल्याला आश्चर्य वाटतं: थंड प्रदेशातल्या किड्यांपेक्षा धोका आपल्याकडच्यांना जास्त. तिकडचे किडे त्यांना सोसेल त्याहून बऱ्याच खालच्या तापमानात जगतात. दोन अंश वाढले तर कित्येकांना ते मानवेलही. उष्ण प्रदेशातले किडे आधीच सोसण्याच्या काठावर उभे आहेत. २००८ साली जगभरच्या नोंदी एकत्र करून हे मांडलं गेलं.

काठावर उभ्या असलेल्याला पाय ठेवायला जागा लागते. ती जागा म्हणजे धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, वाळका गवताचा झुबका, बाभळीची साल, पळसाखालचा पाचोळा, हौदाची ओली कड. एप्रिलमध्ये आमच्या शिवारात संध्याकाळी धुरे पेटवतात. दुसऱ्या दिवशी काळ्या राखेवर बगळे उभे दिसतात, आणि त्या पट्ट्यात उन्हाला अडवणारं काहीच उरलेलं नसतं. बोंडअळीची पऱ्हाटी उचलावी, ती उचललीच पाहिजे. पण धुऱ्यावरच्या गवतात बोंडअळी नसते. तिथं तिला खाणारे कोळी, शिकारी भुंगे, तिच्या अंड्यांत अंडी घालणाऱ्या बारक्या गांधीलमाश्या उन्हाळा काढत असतात.

मृगाच्या आधी एखादी जोराची सर येते. त्या संध्याकाळी निंबावर भुणभुण सुरू होते: हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर आलेले असतात. रात्री दारच्या दिव्याभोवती पंख फुटलेली उधई गोळा होते, आणि सकाळी ओसरीवर पंखांचा सडा पडलेला असतो. झाडताना तो केरसुणीला चिकटतो. मे महिनाभर आपण ज्या जमिनीवरून अनवाणी चार पावलं टाकू शकत नव्हतो, तिच्याच खाली हे सगळे होते.